शेरीफचा बिल्ला: 'हाय नून'पासून 'गेट आऊट'पर्यंत

करवंद

वेस्टर्न, पोलीसपट, भुताखेतांचे, परग्रहवासीयांचे असे अमेरिकन जॉनर सिनेमे आपल्याकडे टाइमपास म्हणून बघितले जातात आणि तिकडचं राजकारण समजून घ्यायचं तर ऑस्करवाले गंभीर पिक्चर बघावेत असं एक धरून चाललेलं असतं. मला हे अजिबात पटत नाही. जॉनर सिनेमाचा साचा पक्का असतो, गाव, शेरीफ (म्हणजे तिथला पोलीसप्रमुख), गुंड, बंदूक, शेवटची गोळी, सगळं प्रेक्षकाला पाठ, त्यामुळे त्यातली एखादी गोष्ट जराशी हलली तरी लगेच डोळ्यात भरते. म्हणून म्हटलं एकच वस्तू धरून बघूया. कायद्याचा बिल्ला. तो कोणाच्या छातीवर आहे, गावाला त्याचं काय पडलंय आणि पिक्चर संपताना त्याचं काय होतं.

सुरुवात १९५२ च्या 'हाय नून'पासून. विल केन (गॅरी कूपर) नुकताच लग्न लागलेला मार्शल, नोकरी सोडून बायकोबरोबर निघालाय, तेवढ्यात कळतं की त्यानंच पकडून दिलेला फ्रँक मिलर सुटलाय आणि बाराच्या गाडीनं येतोय. मग केन मदत मागत गावभर फिरतो. ज्यानं मिलरला शिक्षा सुनावली तो जज्ज भिंतीवरचा झेंडा उतरवतो, तराजू काढतो, कायद्याची पुस्तकं खोगिराच्या पिशवीत कोंबतो आणि पळ काढतो. चर्चमधला सीन तर कितीही वेळा बघितला तरी अंगावर येतो. महापौर उभा राहून केनची तोंड भरून स्तुती करतो, आता हा लोकांना कामाला लावणार असं वाटतं, आणि शेवटी म्हणतो काय, तर उत्तरेकडचे लोक इथे पैसे गुंतवायचा विचार करतायत, रस्त्यात मुडदे पडले तर बरं दिसणार नाही, तेव्हा केन तूच गाव सोडून जा.

हे लिहिणारा कार्ल फोरमन. शूटिंग चालू असताना सप्टेंबर १९५१ मध्ये त्याला अमेरिकन काँग्रेसच्या 'अन-अमेरिकन अॅक्टिव्हिटीज' समितीपुढे उभं राहावं लागलं. तो पूर्वी कम्युनिस्ट पक्षात होता, नंतर बाहेर पडला होता, पण समितीला बाकीच्यांची नावं हवी होती आणि ती त्यानं दिली नाहीत. भागीदार स्टॅनली क्रेमरनं त्याला कंपनीतून बाहेर काढलं, हॉलिवूडनं काळ्या यादीत टाकलं आणि तो इंग्लंडला निघून गेला. मित्र कसे तोंड चुकवतात, काय काय कारणं देतात हे तो रोज अनुभवत होता आणि त्यातलं बरंच गावकऱ्यांच्या तोंडी आलंय असं त्यानंच पुढे सांगितलं. शेवटी केन जिंकतो, मग गाव घराबाहेर येतं, तो सगळ्यांकडे एकदा बघतो, बिल्ला काढतो, धुळीत टाकतो आणि घोडागाडीत बसून चालता होतो. एक शब्द बोलत नाही.

वेस्टर्नमधला नट जॉन वेन, त्याला ह्या शेवटाचा भयंकर राग होता. कम्युनिस्टविरोधी मंडळींच्या 'मोशन पिक्चर अलायन्स'चा तो तेव्हा अध्यक्ष होता. १९७१ च्या एका मुलाखतीत त्यानं सांगितलं की कूपर बिल्ला पायाखाली तुडवतो. पडद्यावर तसं काहीच होत नाही, बिल्ला नुसता खाली पडतो, पण वेनला तो तुडवलेला आठवत होता म्हणजे त्याला ते किती लागलं असेल बघा. गंमत म्हणजे 'हाय नून'साठी कूपरला ऑस्कर मिळालं तेव्हा तो हजर नव्हता आणि त्याच्या वतीनं ते घ्यायला स्टेजवर गेला तो जॉन वेनच.

ह्याला उत्तर म्हणून दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सनं १९५९ ला वेनला घेऊन 'रिओ ब्रावो' काढला. गावभर मदत मागत फिरतो तो कसला शेरीफ, असं हॉक्सचं म्हणणं. इथे कोणी मदत देऊ केली तरी शेरीफ नको म्हणतो, त्याच्याबरोबर एक दारुडा, एक लंगडा म्हातारा आणि एक पोरगा, बस. पिक्चर सुंदरच आहे, मला 'हाय नून'पेक्षा बघायला जास्त आवडतो, पण त्यात गावाला कोणी काही विचारतच नाही. बिल्ला घालणारे आपापसात बघून घेतील, बाकीच्यांनी दारं लावून घरात बसावं. सामान्य माणसाचं काम काय ह्यावर ह्या दोन पिक्चरांचं कडाक्याचं भांडण आहे आणि ते आजही मिटलेलं नाही.

मग १९६७, 'इन द हीट ऑफ द नाइट'. मिसिसिपीतलं गाव, रात्री स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेला एक काळा माणूस, खिशात पैसे आहेत एवढ्यावर पोलीस त्याला खुनाच्या संशयावरून उचलून नेतात. चीफ विचारतो पैसे कुठून आणले. कमावले. किती? आठवड्याला १६२ डॉलर ३९ सेंट. चीफचा विश्वासच बसत नाही. मग बिल्ला टेबलावर येतो, हा फिलाडेल्फियाचा खून तपासणारा पोलीस अधिकारी व्हर्जिल टिब्स. हा माणूस म्हणजे सिडनी पॉइटिए. पॉइटिए दक्षिणेत शूटिंगला यायला तयार नव्हता, १९६४ मध्ये मिसिसिपीत कू क्लक्स क्लॅनवाल्यांनी (गोऱ्यांचं वर्चस्व मानणारी हिंसक संघटना) त्याचा आणि गायक हॅरी बेलाफॉन्टेचा गाडीतून पाठलाग केला होता, म्हणून बरंचसं शूटिंग वर इलिनॉयमध्ये झालं. मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअरच्या अंत्यविधीमुळे त्या वर्षीच्या पिक्चरांचा ऑस्कर सोहळा एप्रिल १९६८ मध्ये दोन दिवस पुढे ढकलला गेला आणि सर्वोत्कृष्ट पिक्चर ठरला हाच.

आणि १९७१ चा 'डर्टी हॅरी'. सान फ्रान्सिस्कोचा इन्स्पेक्टर हॅरी कॅलहन खुन्याला पकडतो, पण दार तोडून घुसलेला, वॉरंट नाही, वर जखमी माणसाला छळून माहिती काढलेली, त्यामुळे सरकारी वकील म्हणतो हा पुरावा कोर्टात टिकणार नाही, आणि एस्कोबेडो आणि मिरांडा ह्या खटल्यांची नावं घेतो. हे खरे निकाल आहेत, १९६४ आणि १९६६ चे, आरोपीचे हक्क पक्के करणारे. म्हणजे सुप्रीम कोर्टावर चिडलेल्या गोऱ्या मध्यमवर्गाचा राग सरळ डायलॉगमध्ये. शेवटी हॅरी खुन्याला गोळी घालतो, बिल्ला हातात घेऊन बघतो आणि पाण्यात भिरकावून देतो.

केननं बिल्ला टाकला तो लोकांनी कायद्याला एकटं पाडलं म्हणून. हॅरी टाकतो तो कायद्यानंच त्याचे हात बांधले म्हणून. कृती तीच, मधली १९ वर्षं, आणि राग उलट्या दिशेला गेलाय. अमेरिका तेव्हा कुठून कुठे आली हे मला ह्या दोन सीनमध्ये जितकं लख्ख दिसतं तितकं कुठल्या भाषणात दिसत नाही. तुम्हाला अजून कुठे हा बिल्ला सापडतो ते लिहा.

चहाटपरी

वाचनखूण साठवली. जज्ज झेंडा उतरवतो हे बघितलं होतं पण लक्षच दिलं नव्हतं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

दुर्बीण

लेख छान पण बादरायण संबंध जोडताय असं वाटतं. हॉलिवूड गल्ल्यावर चालतं. 'हाय नून' चालला म्हणून तसे अजून आले, वेस्टर्न मागे पडले त्याला व्हिएतनाम युद्धापेक्षा टीव्ही कारणीभूत. १९५९ च्या सुमारास टीव्हीवर आठवड्याला दोन डझनांहून जास्त वेस्टर्न मालिका लागायच्या, फुकट घरबसल्या बघायला मिळतंय तर तिकीट कोण काढणार. आणि तुमच्या बिल्ल्याचंच बोलायचं तर 'गनस्मोक' १९५५ पासून १९७५ पर्यंत चालली, वीस वर्षं. केनेडी गेला, व्हिएतनाम झालं, निक्सन राजीनामा देऊन गेला, आणि मार्शल डिलनचा बिल्ला छातीवर होता तिथेच होता. त्याच देशाचे तेच लोक ते बघत होते ना? मग आरसा कुठला खरा? आपल्याला हवे ते चार पिक्चर निवडायचे आणि त्यावर देशाचा इतिहास लिहायचा ह्याला माझा आक्षेप आहे.

करवंद

दुर्बीण, 'गनस्मोक'चा मुद्दा एकदम बिनतोड आहे आणि तो तसाच ठेवला पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही खरं आहे. टीव्ही जाहिरातदारांच्या पैशावर चालायचा, घरात आजीपासून नातवापर्यंत सगळे एकत्र बघणार, कोणाला दुखवून चालायचंच नाही. थिएटरचा प्रेक्षक तोपर्यंत तरुण झाला होता. आणि नियमही बदलले. १९३४ पासून हॉलिवूडची स्वतःची आचारसंहिता कडक होती, कायद्याची टिंगल करायची नाही, गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटायला नको, गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे. १९६८ मध्ये ती जाऊन वयानुसार रेटिंग आलं. 'डर्टी हॅरी' त्याच्या आधी ह्या रूपात निघूच शकला नसता. तर घरातला टीव्ही आणि बाहेरचं थिएटर ह्या तेव्हा दोन वेगळ्या अमेरिका होत्या, आणि ही फूटच मला त्या काळाची सगळ्यात मोठी खूण वाटते.

निवडक चार पिक्चर म्हणता तर एकाच दिग्दर्शकाचे दोन घ्या. 'डर्टी हॅरी' डॉन सीगलचा. त्याचाच १९५६ चा 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स'. छोट्या गावात एकेका माणसाच्या जागी शेंगेतून उगवलेला हुबेहूब तोतया येतो, दिसायला तसाच, आत भावना नाहीत. कोणी म्हणतं ही कम्युनिस्टांची भीती, कोणी म्हणतं ही कम्युनिस्ट हुडकणाऱ्या सिनेटर मॅकार्थीच्या काळातल्या मेंढरांची भीती, दोन्ही बसतं. सीगलचा शेवट असा होता की डॉक्टर हायवेवर धावत गाड्यांना ओरडून सांगतोय, पुढचा नंबर तुमचा, आणि कोणी थांबत नाही. स्टुडिओला ते फार निराश वाटलं, त्यांनी पुढे-मागे नवे सीन जोडायला लावले, आणि शेवटी डॉक्टरवर विश्वास बसतो आणि एफबीआयला फोन लावा अशी सूचना निघते. १९५६ मध्ये प्रेक्षकाला घरी पाठवायचं तर एफबीआय वाचवेल हे सांगणं भाग होतं. पंधरा वर्षांनी तोच सीगल बिल्ला पाण्यात टाकायला लावतो आणि पिक्चर तुफान चालतो.

इंद्रायणीकाठ

आणि त्याच 'बॉडी स्नॅचर्स'चा १९७८ चा रिमेक बघा, निक्सनला घालवणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतरचा. ह्यात हिरो स्वतःच सरकारी माणूस, आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर, हॉटेलांच्या भटारखान्यात जाऊन उंदराच्या लेंड्या शोधणारा, आणि तो सगळीकडे फोन करतो, पोलीस, वरचे अधिकारी, आणि हळूहळू कळतं की पलीकडे फोन घेणारे सगळे आधीच गेलेले आहेत. फोन लावायला जागाच उरलेली नाही. शेवट सांगत नाही, ज्यांनी बघितला नसेल त्यांनी बघाच, रात्री एकट्यानं मात्र नको.

पावशेर_कॉफी

मी पिट्सबर्गजवळ राहते त्यामुळे 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. जॉर्ज रोमेरोनं हा इथल्याच परिसरात १९६७ मध्ये केला, खर्च सव्वा लाख डॉलरच्याही आत, स्टुडिओ वगैरे काही नाही. मेलेले उठतात, एका शेतघरात सात जण अडकतात, आणि त्यांच्यात सगळ्यात शहाणा, धीराचा माणूस बेन. ती भूमिका केली ड्वेन जोन्सनं. पटकथेत बेन काळा आहे असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, जोन्सनं ऑडिशन सगळ्यात चांगली दिली म्हणून त्याला घेतलं, आणि त्याच्या रंगाचा उल्लेख पूर्ण पिक्चरमध्ये एकदाही नाही.

पण शेवट बघा. रात्रभर झगडून बेन एकटा वाचलाय. सकाळी शेरीफ आणि त्याच्याबरोबर बंदुका घेतलेले गावकरी, कुत्री, सगळे शेतातून मेलेल्यांना टिपत येतायत, अगदी मजेत, कॉफी पीत. बेन खिडकीशी येतो. शेरीफ शेजारच्याला सांगतो कुठे गोळी घाल ते, आणि तो घालतो. कोणी विचारत नाही हा जिवंत आहे का. मग हलतं चित्र थांबतं आणि वर्तमानपत्रातल्यासारखे खरबरीत स्थिर फोटो येतात, हातात खाटकाचे आकडे घेतलेली माणसं, बेनचा देह ओढत नेतायत, ढिगावर टाकतायत. दक्षिणेत काळ्या माणसांना जमावानं मारून त्याचे फोटो काढायची पद्धत होती, ते फोटो ज्यांनी बघितलेत त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. रोमेरो तयार प्रिंट गाडीत टाकून न्यूयॉर्कला विकायला निघाला होता तेव्हा रेडिओवर किंगच्या खुनाची बातमी लागली, हे त्यानं बऱ्याच मुलाखतींत सांगितलंय.

तेव्हा दुर्बीण, लेखकाच्या मनात होतं का हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पिक्चर १९६७ मध्ये बनवला, १९६८ मध्ये लोकांनी बघितला, मधल्या काळात देशच असा झाला की तो शेवट दुसऱ्या कुठल्या अर्थानं बघताच येईना. करवंदच्या धाग्यात हा बिल्ला घ्यायलाच हवा. इथे शेरीफ दुष्ट नाही, तो त्याचं काम करतोय, आणि हेच जास्त भयानक आहे.

ज्यांना बघायचाय त्यांच्यासाठी: वितरकानं नाव बदलताना कॉपीराइटची सूचना घालायची राहून गेली त्यामुळे पिक्चर अमेरिकेत कॉपीराइटमुक्त आहे, इंटरनेटवर अधिकृतपणे फुकट मिळतो.

बोका

अवांतर: बिल्ल्यावरून 'शोले' आठवला. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो, पण १९७५ म्हणजे आणीबाणी, सेन्सॉरला ते चालेना, म्हणून पोलीस येतात आणि कायदा हातात घेऊ नका सांगतात. ठाकूर स्वतः माजी इन्स्पेक्टर, आणि त्यालाच कायदा शिकवणारे पोलीस शेवटच्या दोन मिनिटांत. तिकडे १९५६ ला एफबीआयचा फोन, इकडे १९७५ ला पोलिसांची जीप.

करवंद

बोका, हे भारीच सापडलंय तुम्हाला. त्याच्यावर वेगळा धागा काढा ना, इथे दोन ओळीत संपवायला नको.

फुलवात

'हाय नून'बद्दल सगळे केनवर बोलतायत, मला हेलन रामिरेझबद्दल बोलायचंय. केटी हुराडो, मेक्सिकन नटी, तिनं केलेली. ही गावात स्वतःचा व्यवसाय चालवणारी बाई, दारूचा अड्डा (सलून) तिचा, दुकानातही छुपी भागीदारी, कारण मेक्सिकन बाईचं नाव दुकानाशी उघड जोडलेलं चालणार नाही. गाव कसं आहे हे फक्त तिला पहिल्यापासून माहितीये, केनला ते कळायला पूर्ण पिक्चर लागतो. ती कोणाची वाट बघत नाही, धंदा विकते आणि बाराच्या गाडीनं जाते. जिला गावानं कधी आपलं म्हटलंच नाही तिला बिल्ल्याकडून कसली अपेक्षाच नाही. १९५२ च्या वेस्टर्नमध्ये अशी बाई, पूर्ण बुद्धीची, स्वतःच्या पैशाची, कुठेही हास्यास्पद न केलेली, हे मला बिल्ला टाकण्याइतकंच मोठं वाटतं. आणि केनला शेवटी मदत कोण करतं? त्याची बायको, क्वेकर पंथाची, हिंसा न मानणारी, भाऊ आणि वडील बंदुकीनं गेलेले. तीच मागून गोळी झाडते. ज्या दोघींना गाव मोजतच नाही त्यांच्याशिवाय ती गोष्ट पुढे सरकत नाही, ह्यावर परीक्षणांत कोणी लिहीत का नाही?

दुर्बीण

फुलवात, दुकानाची भागीदारी हा बारकावा मी विसरलो होतो, छान.

करवंद, पावशेर_कॉफी, तुमचं थोडं पटतंय, पण 'अनफरगिव्हन'चं काय ते सांगा. १९९२ चा. त्यात शेरीफ लिटल बिल, गावात बंदूक आणायला बंदी करतो आणि त्या नावाखाली लोकांना लाथाबुक्क्यांनी तुडवतो, एका काळ्या माणसाला चाबकानं मरेपर्यंत मारतो. लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग ह्या काळ्या माणसाला केलेली मारहाण मार्च १९९१ ची, आरोपी पोलीस सुटले आणि लॉस एंजेलिस पेटलं ते एप्रिल १९९२ च्या अखेरीस, पिक्चर आला ऑगस्टमध्ये. सगळे समीक्षक लगेच म्हणणार, बघा आरसा. पण ती पटकथा डेव्हिड वेब पीपल्सनं सत्तरच्या दशकात लिहिलेली, क्लिंट ईस्टवूडनं विकत घेऊन कित्येक वर्षं ठेवून दिली होती. मग आरसा कुठल्या सालाचा?

पावशेर_कॉफी

दोन्ही सालांचा! पटकथा पडून होती पण ती काढायची कधी हे ईस्टवूडनं ठरवलं, आणि हॅरीचा बिल्ला फेकणारा हात ईस्टवूडचाच. १९७३ मध्ये 'मॅग्नम फोर्स'मध्ये त्यानं पहिली दुरुस्ती केली, तिथे कोर्टाला फाटा देऊन गुन्हेगारांना परस्पर मारणारे पोलीसच खलनायक आहेत. आणि १९९२ ला तो अशा शेरीफसमोर उभा राहतो जो हॅरीसारखाच विचार करतो. एकाच नटाच्या वीस वर्षांत हे झालंय, तिथे योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

नवखा_प्रेक्षक

सगळे जुने पिक्चर चाललेत म्हणून लिहितो. २०१७ चा 'गेट आऊट', जॉर्डन पीलचा. सुरुवातीलाच गाडी हरणाला धडकते, पोलीस येतो, गाडी गोरी मैत्रीण चालवत होती तरी ओळखपत्र मागतो ते शेजारी बसलेल्या काळ्या ख्रिसकडे. आणि शेवटी, स्पॉयलर आहे सांभाळा, ख्रिस मैत्रिणीच्या घरातून जीव वाचवून बाहेर आलाय, ती मैत्रीण रस्त्यावर पडलीये, आणि लाल-निळे दिवे चमकतात. तो हात वर करतो. मी थिएटरमध्ये होतो, मागून कोणीतरी मोठ्यानं नाही नाही म्हणालं. पूर्ण पिक्चरभर इतकं भयंकर बघितलं आणि लोक सगळ्यात जास्त घाबरले ते पोलिसांची गाडी आली म्हणून! मग दार उघडतं, त्यावर लिहिलंय एअरपोर्ट, आणि आतून उतरतो तो त्याचा दोस्त रॉड, विमानतळाच्या सुरक्षेत काम करणारा.

पीलनं आधी दुसरा शेवट शूट केला होता, त्यात खरेच पोलीस येतात आणि ख्रिस तुरुंगात जातो. ओबामा निवडून आले म्हणजे वंशभेद संपला असं म्हणणाऱ्यांना जागं करायला तो शेवट लिहिला होता, पण पिक्चर तयार होईपर्यंत पोलिसांच्या गोळीबाराच्या इतक्या घटना लोकांसमोर आल्या होत्या की जागं करायची गरज उरली नव्हती, लोकांना सुटका हवी होती, असं त्यानं सांगितलंय. साधारण ४५ लाख डॉलरचा पिक्चर, जगभर २५ कोटींच्या वर कमावले.

करवंद

नवखा_प्रेक्षक, धाग्यात हाच दुवा हवा होता. रोमेरोच्या बेननं खिडकीशी यायचं आणि गोळी खायची, पीलच्या ख्रिसनं हात वर करायचे आणि वाचायचं, हे पीलनं १९६८ चा शेवट माहीत असूनच केलंय ह्याबद्दल मला शंका नाही.

दुर्बीण, तुमच्या गल्ल्याच्या मुद्द्यावर मात्र मी उलट बाजूनं येतो. सव्वा लाखाच्या आतला आणि ४५ लाखांचा, हे दोन्ही पिक्चर आपापल्या काळात स्वस्त होते. पैसा कमी अडकलेला असला की स्टुडिओ शेवटात हात घालत नाही, नाहीतर एफबीआयला फोन लागलाच म्हणून समजा. हॉररवाले आणि पूर्वीचे स्वस्त वेस्टर्नवाले जे बोलून गेले ते मोठ्या बजेटवाल्यांना जमलं नाही ह्याचं कारण हिशेबाच्या वहीतच आहे.

इंद्रायणीकाठ

एक राहिलंच. ४ जून १९८९, पोलंडची अंशतः खुली निवडणूक, सॉलिडॅरिटी ह्या कम्युनिस्ट सरकारविरोधी कामगार चळवळीच्या बाजूनं एक पोस्टर निघालं, टोमाश सार्नेत्स्की नावाच्या तरुण चित्रकाराचं. त्यावर 'हाय नून'मधला गॅरी कूपर चालत येतोय, हातात बंदुकीच्या जागी मतपत्रिका, छातीवर शेरीफच्या बिल्ल्याच्या वर सॉलिडॅरिटीचा बिल्ला. ज्या पिक्चरच्या लेखकाला कम्युनिस्ट म्हणून देशाबाहेर जावं लागलं त्याचाच हिरो कम्युनिस्ट सरकारविरुद्ध मत मागायला उभा केला. आणि तिथे गाव घरात बसलं नाही, लढवता येण्यासारख्या जवळपास सगळ्या जागा सॉलिडॅरिटीनं जिंकल्या.

दुर्बीण

हे पोस्टर मला माहीतच नव्हतं. 'हाय नून' शनिवारी परत लावतोय, ह्या वेळी हेलन रामिरेझकडे लक्ष ठेवून.